खोडदने ऐकलेला शेवटचा अंक (थ्रेड)

१/ शिरूर घोड नदीकाठी वसले आहे, दौंड भीमेकाठी. याच नद्यांच्या वरच्या खोऱ्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री साडेआठच्या सुमारास मंगळावरील एका मोहिमेचा शेवटचा अंक ऐकला जात होता. आवाज मध्येच तुटला. त्या शांततेचा हा इतिहास.

२/ कथेचे मूळ १८७७ मध्ये आहे. मिलानच्या वेधशाळेतून जोव्हानी स्कियापरेल्ली यांना मंगळावर रेषा दिसल्या. त्यांना त्यांनी इटालियनमध्ये ‘कॅनाली’, म्हणजे चर, असे म्हटले. इंग्रजीत त्याचे ‘कालवे’ झाले. कालवा कुणीतरी खोदावा लागतो, हे कुकडीच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

३/ मग खोदणारे कोण? अमेरिकेच्या पर्सिव्हल लोवेल यांनी मंगळवासीयांची कल्पना आयुष्यभर उचलून धरली. १८९८ मध्ये एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या आक्रमणाची कादंबरी आली. पुढच्या असंख्य अंतराळ-साहसकथांना या चुकीच्या भाषांतराने खतपाणी घातले.

४/ युरोपीय अंतराळ संस्था व रशियाची रॉसकॉसमॉस यांनी १४ मार्च २०१६ रोजी बैकोनूरहून ‘एक्झोमार्स’ मोहीम सोडली. तिचे दोन भाग होते : मंगळाभोवती फिरणारे ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ आणि ‘स्कियापरेल्ली’ हा लँडर. लँडरचे मुख्य काम एकच, मंगळावर कसे उतरावे हे शिकणे.

५/ खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, ही गोविंद स्वरूप यांची कल्पना. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सर्वांत लांबच्या दोहोंत सुमारे २५ किलोमीटर अंतर. पोलादी दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीमुळे त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. त्यांचे नेहमीचे काम पल्सार आणि हायड्रोजन यांचा शोध.

६/ म्हणजे मंगळाच्या कथेत खोडद हा अधूनमधून डोकावणारा प्रेक्षकच. तरी त्याला बोलावणे आले. लँडरचा क्षीण संदेश सुमारे ४०० मेगाहर्ट्झवर होता आणि तो जवळच्या ऑर्बिटरसाठी होता. अंतराळयानांशी बोलणाऱ्या नेहमीच्या मोठ्या अँटेना याहून बऱ्याच वरच्या कंप्रतेवर चालतात. जीएमआरटीचे कान मात्र नेमके याच पट्ट्यात तयार होते.

७/ अंतर सुमारे १७ कोटी ६० लाख किलोमीटर. संदेशाला पोहोचायला ९ मिनिटे ४७ सेकंद. खोडदला मजकूर वाचता येणार नव्हता. फक्त वाहक लहर ऐकू येणार होती आणि तिच्या बदलत्या कंप्रतेवरून यानाचा वेग कळणार होता. सहा मिनिटांचे अवतरण खोडदला कळू लागले, तेव्हा मंगळावर ते आधीच संपलेले होते.

८/ लहर सापडली. वातावरणात शिरतानाही ती टिकली. छत्री उघडल्याचे तिच्यात दिसले. आणि जमिनीला टेकण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी ती थांबली. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स एक्सप्रेस’नेही तेच नोंदवले.

९/ खोडदशेजारचे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. वग संपता संपता राहुटीत शिरलेला माणूस नायक पडलेला पाहतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. ‘स्कियापरेल्ली’चा शेवट तेवढाच पाहणाऱ्याचा निकालही सोपा होता : मोहीम फसली.

१०/ परंतु पडता पडता लँडरने ऑर्बिटरकडे सुमारे ६०० मेगाबाइट माहिती पाठवली होती. तिच्यातून कारण उलगडले. छत्री उघडल्यावर यान जोरात हेलकावले आणि फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद कमाल मर्यादेवर अडकले. त्यावरून संगणकाने काढलेली उंची शून्याच्याही खाली गेली. यानाला वाटले, आपण उतरलो.

११/ प्रत्यक्षात जमीन ३.७ किलोमीटर खाली होती. छत्री सुटली, ब्रेक लावणारी इंजिने ३० ऐवजी ३ सेकंद चालली आणि यान कोसळले. दुसऱ्या दिवशी नासाच्या ऑर्बिटरने टिपलेल्या छायाचित्रात एक काळा डाग आणि त्याच्या दक्षिणेला छत्रीचा पांढरा ठिपका दिसला.

१२/ त्याच रात्री ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ मात्र सुखरूप कक्षेत शिरले होते. आज ते मंगळावरील इतरांच्या गाड्यांचे संदेशही पृथ्वीकडे पोहोचवते. कॅमेऱ्यांचे लक्ष लँडरकडे असताना मोहिमेचा मोठा भाग शेजारीच यशस्वी झाला होता.

१३/ भारताने हेच ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे अनुभवले. चंद्रापासून २.१ किलोमीटरवर असताना ‘विक्रम’शी संपर्क तुटला आणि टीव्हीसमोर जागलेली घरे गप्प झाली. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर मात्र फिरत राहिला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरले, तेव्हा त्याच्या संपर्कसाखळीत हाच जुना ऑर्बिटर होता.

१४/ १८७७ मध्ये एका शब्दाचा अर्थ चुकला आणि साहसकथा जन्मल्या. २०१६ मध्ये एका मोजमापाचा अर्थ चुकला आणि यान पडले. पहिली चूक उमगायला अनेक दशके लागली. दुसरीचे कारण महिनाभरात हाती आले, कारण शेवटच्या क्षणापर्यंत कोणीतरी नोंद ठेवत होते. त्या नोंद ठेवणाऱ्यांत खोडदही होते.