देवळी परत आली, पण माळवदाचं काय?

परवा अहमदपुरात एका वास्तुशांतीला गेलो होतो. पीओपीचं छत, टीव्हीमागं दगडासारख्या टाइल्स अन् भिंतीत एलईडी लावलेली देवळी. घरमालक म्हणाले, "सध्या वाडा लूक चालतोय." मला १९९३ आठवलं.

तेव्हा आपल्याकडं खरी देवळी गावोगाव होती. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, तुळया अन् वर मातीचं माळवद. भर उन्हाळ्यात आत गार वाटायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. माळवदाची भीती बसली. ज्याला जमलं त्यानं स्लॅब टाकला.

पण दोष नुसत्या दगडाचा नव्हता. भिंतीला आतला अन् बाहेरचा असे दोन थर, दोन्हींना बांधणारे लांब जोडदगड नाहीत, सांधे मातीचे. त्यात गळू नये म्हणून माळवदावर माती टाकत वजन वाढत गेलेलं. म्हणून भूकंपानंतर तज्ज्ञांनी सांगितलं होतं: वरची माती कमी करा, भिंतीत जोडदगड घाला, खांब-तुळयांना तिरके आधार द्या.

आपण देवळी परत आणली, हा सल्ला मात्र विसरलो. गावाकडं म्हातारी माणसं अजूनही माळवदाखाली झोपतात. हॉलमध्ये शोभेचा दगड लावण्याआधी एकदा गावाकडची भिंत बघून या. तुमच्या गावात अशी किती घरं उरलीत? सांगा.