उंबऱ्यावरची सनई

मंगलाष्टके संपतात, अक्षता पडतात आणि मांडवात आरोळी उठते, ‘वाजवा रे वाजवा!’ त्यातला ‘रे’ हा सामाजिक इतिहासाचा लहानसा पुरावाच आहे. गुरुजींना ‘अहो’ म्हणणारा मांडव वाजंत्र्यांना मात्र ‘रे’ म्हणून साद घालतो.

सनई हे मुळात दाराचे वाद्य. ‘आईन-ए-अकबरी’तल्या बादशाही नगारखान्याच्या वर्णनात नऊ सनया एकत्र वाजत असल्याची नोंद आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यातही नगारखाना आहे तो दिल्ली दरवाजावर. राजवाडा असो, देऊळ असो वा लग्नघर, मांगल्याची वर्दी सनई-चौघड्याने द्यायची, ती उंबऱ्याबाहेरून. आत येण्याचा मान सुरांना होता, वाजवणाऱ्याला नव्हता.

हे वादक बहुधा होलार, घडशी, गुरव अशा समाजांतले. त्यांची विद्या मात्र साधी नव्हती. एकजण राग मांडतो, दुसरा अखंड ‘सूर’ धरतो. गालांत साठवलेली हवा बाहेर सोडतानाच नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. छिद्रावरचे बोट किंचित सरकवून मींड काढायची. सकाळच्या विधीला भैरव किंवा तोडी, दुपारी सारंग, हे भान पोथीतून नव्हे, घरातून येई. मैफलीचे तिकीट कधीही न काढलेल्या घरांनी शास्त्रीय राग पहिल्यांदा ऐकले ते बहुधा लग्नातच.

विसाव्या शतकात सनई उंबरा ओलांडून आत आली. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. काशीच्या बालाजी मंदिरात रियाज केलेल्या बिस्मिल्ला खाँसाहेबांना 2001 साली भारतरत्न मिळाले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ सनईने करण्याची प्रथा रुजली.

याच काळात मांडवाच्या दाराशी उलटे घडत गेले. आधी कॅसेट आली, मग मोबाइल. ध्वनिमुद्रित सनईला बिदागी लागत नाही, पंगतीत पान लागत नाही, दम लागत नाही. सकाळच्या मुहूर्तावर संध्याकाळचा राग लागला तरी कुणाला खटकत नाही. वाद्याची प्रतिष्ठा वाढली, पण तिचा लाभ मोजक्या मंचांपर्यंतच पोचला. गावोगावच्या वाजंत्र्यांना ना उंबऱ्याच्या आत जागा मिळाली, ना बाहेरची उरली.

‘वाजवा रे’ची आरोळी मात्र आजही उठते. बटण दाबणारा ती ऐकतो.