शिर रेणुकेचं, धड मातंगीचं : जोगतिणीचा इतिहास कोण सांगणार?

देवीच्या सेवेत असलेल्या आणि एकमेकींच्या जिवावर उठलेल्या पुजारणी हा विषय हल्ली कादंबऱ्यांत आणि वेब सिरीजमध्ये जोरात चालतो. अंधारा गाभारा, रक्त, शाप आणि दोन बायकांमधली सत्तेची लढाई. आपली तरुण पोरंपोरीही हे आवडीने वाचतात, पाहतात. वाचायला हरकत काहीच नाही. पण अशा कथांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे देवीला वाहिलेल्या बाईकडे सत्ता असते. आपल्या मुलखात देवीला वाहिलेल्या बायका कल्पनेतल्या नव्हत्या. त्या आपल्याच महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या होत्या. म्हणून विचारलं पाहिजे की सत्ता नेमकी कुणाकडे होती?

सुरुवात सौंदत्तीच्या यल्लम्मापासून करू. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचं, म्हणजे रेणुकेचं शिर उडवलं, ही पुराणकथा सगळ्यांना माहीत आहे. लोकांत सांगितला जाणारा तिचा एक पाठ मात्र पुढे जातो. रेणुका जीव वाचवायला मातंग बाईच्या आसऱ्याला गेली. परशुरामाने दोघींचीही मुंडकी उडवली. पुन्हा जिवंत करताना अदलाबदल झाली आणि रेणुकेचं शिर मातंगीच्या धडावर बसलं.

मित्रांनो, ही कथा नीट वाचा. आसरा दिला म्हणून मेली ती अस्पृश्य बाई. देवीला अंग मिळालं तेही तिचंच. पण नाव, चेहरा आणि पूजा रेणुकेची. जातिव्यवस्थेने श्रम आणि शरीर खालच्यांचं घ्यायचं आणि मान वरच्यांना द्यायचा, हा नियम देवीच्या मूर्तीतसुद्धा कोरून ठेवलाय.

प्रत्यक्षातही तेच घडलं. मुलीच्या केसात जट झाली की देवीचं बोलावणं आलं म्हणायचं. गळ्यात लाल-पांढरे मणी बांधायचे. मग तिला लग्न नाही. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायचा, डोक्यावर देवीचा जग घेऊन चौंडक्याच्या तालावर गावोगाव फिरायचं. रांडाव पुनवेला देवी विधवा होते म्हणून जोगतिणींनी बांगड्या फोडायच्या. आणि सौंदत्तीच्या मुख्य गाभाऱ्यातली पूजा? ती लिंगायत पुजाऱ्यांकडे. जट दलित मुलीच्या डोक्यात आणि दक्षिणा पुजाऱ्याच्या ताटात! कुणाच्या अंगात खरी देवी येते, यावरून जोगतिणी आपसात भांडत राहिल्या, तरी त्या भांडणाने गाभाऱ्याचा मालक कधीच बदलला नाही.

यावर अलीकडे अभ्यासकांकडून एक युक्तिवाद येतो. जोगतीण ही नुसती पीडित नव्हे, ती स्वतः पुजारीण आहे, तिला कधी वैधव्य येत नाही, ती मुलग्यासारखी घर चालवते, आईबापाचा वारसा घेते. सुधारकांनीच तिला वेश्या ठरवून तिचा मान घालवला, असं म्हटलं जातं. यातला अर्धा भाग खरा आहे, तो नाकारू नये. शुभकार्यात तिला बोलावतात, तिचा आशीर्वाद घेतात. पण जो पाटील सकाळी तिच्या परडीत पीठ टाकतो, तो तिला घरची सून करून घेईल का? मुलगा नाही म्हणून मुलीलाच देवाला सोडून तिच्याकडून मुलग्याचं काम करून घेणं, हा स्वातंत्र्याचा नव्हे, गरिबीचा मार्ग आहे. ज्यात ‘नाही’ म्हणायची सोय नाही, तो मान कसला?

आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या पहिल्या बायका बाहेरून आलेल्या नव्हत्या. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केलं आणि मुरळी सोडण्याच्या चालीवर कोरडे ओढले. 1909 मध्ये त्याच पत्रात शिवूबाई या खंडोबाला वाहिलेल्या मुरळीने स्वतः पत्र लिहून मुरळ्यांचं दुःख मांडलं. पुढे कांबळ्यांच्या चळवळीतल्या गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केलं. विचार करा, 1909 साली एक मुरळी छापील कागदावर आपला निर्णय जाहीर करते! तिला ‘वाचवलेली’ म्हणणं हा तिचा अपमान आहे. ती चळवळीची पूर्वज आहे.

मग कायदे आले. शाहू महाराजांनी 1920 मध्ये कोल्हापूर संस्थानात कायदा केला. 1934 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने, मुलीची संमती असो वा नसो, तिला देवाला वाहणं बेकायदा ठरवलं आणि अशा बाईचं लग्न वैध मानलं. कर्नाटकाने 1982 मध्ये कायदा केला, महाराष्ट्राचा नवा कायदा 2005 चा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बंद करावी लागते याचा अर्थ काय? ती बंद झालेली नसते. नुसत्या शिक्षेच्या कायद्याने जट कापली जात नाही, पोटाची सोय आणि मनातली देवीची भीती हे दोन्ही प्रश्न सोडवावे लागतात.

हे दोन्ही प्रश्न बाबासाहेबांनी एकत्र हाताळले. 16 जून 1936 ला परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज, आराधी, भुते यांची सभा झाली. धर्मांतराला पाठिंबा द्यायला आलेल्या या लोकांसमोर बाबासाहेब स्पष्ट बोलले : आमच्याबरोबर यायचं तर हे जिणं सोडावं लागेल. त्यांचे शब्द कठोर होते, आणि आज काही स्त्रीवादी अभ्यासक त्यावर टीकाही करतात. पण त्या काळी कामाठीपुऱ्याची वाट देवळावरूनच जात होती. ज्या बायकांना कुणी समाजात धरत नव्हतं, त्यांना एका राजकीय सभेत समोर बसवून ‘तुम्ही ठरवा’ असं सांगणं, हे कुठल्या देवीने किंवा पुजाऱ्याने कधी केलं होतं? 1956 च्या धम्मदीक्षेने तर मुळावरच घाव घातला. देवीच मानायची नाही, तर तिचा कोप कुठला आणि तिचं बोलावणं कुठलं?

आता प्रश्न आपल्याला आहे. आपल्या घरात आजी किंवा पणजीची बहीण जोगतीण होती, हे किती जण उघडपणे सांगतात? बुद्धविहारात बसणारे आपण तिचा फोटो भिंतीवर लावतो का? जोगतिणीच्या मुलाला ‘बाप कोण’ विचारणारे आपल्याही वस्तीत आहेत. देवी नाकारली आणि तिने लावलेला कलंक मात्र जपला, तर आपण काय सोडलं? उत्तम बंडू तुपे यांनी ‘झुलवा’ कादंबरीत जोगतिणीला केंद्रस्थानी आणलं. ते काम प्रत्येक वस्तीत पुढे नेता येईल. म्हाताऱ्या जोगतिणी अजून आहेत, त्यांच्याकडे बसा, त्यांचं म्हणणं लिहून घ्या, त्यांच्या अनुदानाचे अर्ज भरून द्या, त्यांच्या मुलांच्या दाखल्यावर आईचं नाव लागेल यासाठी तहसीलच्या पायऱ्या चढा.

अंधाऱ्या गाभाऱ्याच्या कथा दुसरे लिहितील. मातंगीच्या धडाला तिचं स्वतःचं शिर परत मिळवून देणं, हे काम आपलं आहे.

जय भीम!