युरोपीय तलवार आणि आपली फिरंग

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या शिवजयंतीत आम्ही ‘फिरंग’ या तलवारीविषयी चार शब्द बोललो, तेव्हा एका वयोवृद्ध सभासदांनी व्यथित होऊन विचारले, “म्हणजे महाराजांच्या हातची तलवारही विलायतीच म्हणावयाची काय?” त्या प्रश्नाचे उत्तर सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने येथे देत आहोत.

रोमन पायदळाची ‘ग्लॅडियस’ आखूड व भोसकण्यास सोयीची होती. घोडदळास लांब ‘स्पाथा’ लागे. हीच पुढे सर्वत्र रूढ होऊन मध्ययुगीन सरळ, दुधारी तलवारीची जननी ठरली. कड्यांचे चिलखत होते तोवर रुंद पात्याचा वार पुरेसा होता. १४ व्या शतकात पोलादी पत्र्यांचे चिलखत प्रचारात आले. त्यावरून वार निसटू लागताच पाते निमुळते, ताठ व टोकदार झाले, सांध्यांच्या फटींचा वेध घेऊ लागले. मूठही दोन्ही हातांना पुरेल इतकी लांबली. या तलवारी अवजड असत हा मात्र भ्रम होय. एकहाती तलवारीचे वजन बहुधा एक ते दीड किलोच भरते. १६ व्या शतकात नागरी वेशाबरोबर मिरविण्याची सडपातळ ‘रेपियर’ आली. १८ व्या शतकात तिची जागा हलक्या ‘स्मॉल-स्वॉर्ड’ने घेतली. हंगेरीकडील घोडेस्वारांचे वक्र ‘सेबर’ही त्याच काळात युरोपभर पसरले.

स्पेनमधील टोलेडो आणि जर्मनीतील झोलिंगेन येथील पात्यांची कीर्ती मोठी होती. युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून अशी पाती आपल्या किनाऱ्यावर उतरत. आपले कारागीर त्यांना देशी मूठ चढवीत. बोटांचे रक्षण करणारी रुंद परज आणि दुसऱ्या हाताने धरता यावा असा मागे निघालेला गज, ही त्या मुठीची लक्षणे. अशी तलवार ती फिरंग.

कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी १८७५-७६ च्या दौऱ्यात ब्रिटिश युवराजांस दिलेली, शिवछत्रपतींची मानली जाणारी ‘जगदंबा’ याच जातीची आहे. तिचे पाते युरोपीय, मूठ मराठी.

यात उणेपणा तो कसला? उत्तम पोलाद जेथे मिळेल तेथून घ्यावे आणि आपल्या मुठीने, आपल्या कार्यासाठी चालवावे, ही आपल्या पूर्वजांची डोळस दृष्टी होती. आमच्या त्या वडीलधाऱ्या स्नेह्यांस आमचे नम्र उत्तर एवढेच, की तलवारीचे कूळ पात्यावरून सांगता येईल, परंतु तिचा इतिहास तिने कोणाचे रक्षण केले यावरूनच लिहिला जातो.