सोयरिकींचा किल्ला

लग्न ठरले की पूर्वी आपल्याकडे सुपारी फुटे, साखरपुडा होई, आणि त्यानंतर नवरदेव-नवरी एकदम अंतरपाटाच्या दोन बाजूंनाच उभी राहत. मधल्या दिवसांत दोघांनी एकमेकांस भेटू नये, निदान भेटताना कोणाच्या नजरेस पडू नये, असा संकेत होता. तो काळ आता मागे पडला. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये एक नवाच विधी येऊन बसला आहे. त्याला मुहूर्त लागत नाही, भटजी लागत नाही. लागतो तो छायाचित्रकार आणि सकाळचे कोवळे ऊन. या विधीला सगळे ‘प्री-वेडिंग’ म्हणतात. मराठी नाव अजून कोणी ठेवलेले नाही. पण बारसे व्हायच्या आधीच हे बाळ घरभर रांगू लागले आहे!

छत्रपती संभाजीनगरात या विधीची क्षेत्रेही ठरून गेली आहेत. कोणी बीबी-का-मकबऱ्याच्या पांढऱ्या घुमटापुढे उभे राहतात, तर ज्यांना गावाबाहेरची मोकळी हवा हवी असते ते पंधरा किलोमीटरवरचा दौलताबादचा रस्ता धरतात. पाऊस सरून डोंगर अजून हिरवा आहे, सीताफळांच्या पाट्या रस्त्याकडेला लागल्या आहेत, अशा दिवसांत सकाळी किल्ल्याच्या महाद्वाराशी एखादी मोटार थांबते. पैठणी सावरीत मुलगी उतरते, मागून मुलगा. त्यांच्यामागे धाकटी बहीण, हातात चपलांची पिशवी आणि कंगवा. छायाचित्रकाराचा पोऱ्या उन्हाची तिरीप चेहऱ्यावर वळवायला चंदेरी पडदा धरतो. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी, म्हणून बहुतेकांचे काम हातातल्या कॅमेऱ्यावरच भागते. हत्ती हौदाची पायरी, भारतमाता मंदिराच्या चौकातले खांब, पाठीमागे चांदमिनार, एवढ्यात त्यांची सकाळ संपते. अंधारीच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. तेथे वटवाघळांचा वास येतो आणि पैठणीला तो सोसत नाही.

ही दोघे ज्या पायरीवर निवांत बसतात, तिच्याभोवतीचा इतिहास मात्र निवांत नाही. तो लढायांचा आहे हे शाळेतली मुलेही सांगतील. पण तो सोयरिकींचाही आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

यादवांच्या पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली. पुढे शंभर वर्षांनी येथे रामदेवराय राज्य करीत होता. ज्ञानेश्वरी याच राजाच्या राज्यात लिहिली गेली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर येऊन कोसळला. किल्ल्यात धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. तहात सोने गेले, मोती गेले, हत्ती-घोडे गेले. त्याच व्यवहारात राजाची मुलगीही गेली. इसामी हा चौदाव्या शतकातला फारसी कवी-इतिहासकार; तो स्वतः दौलताबादेत राहत होता. त्याने तिचे नाव झत्यापाली असे दिले आहे. १३१६ मध्ये अल्लाउद्दीन वारल्यावर मलिक काफूरने शिहाबुद्दीन उमर नावाच्या ज्या लहानग्या पोराला दिल्लीच्या तख्तावर बसवले, तो तिचा मुलगा. थोड्याच दिवसांत त्याला तख्तावरून खाली ओढण्यात आले. देवगिरीची ही लेक नातवाचे कौतुक करायला कधी माहेरी आलेली नाही.

दुसरी सोयरीक तर देवगिरीला येऊन पोहोचलीच नाही. गुजरातचा राजा कर्ण वाघेला राज्य गमावून बागलाणात आश्रयाला राहिला होता. त्याची मुलगी देवलदेवी हिला रामदेवरायाच्या मुलाने, शंकरदेवाने, मागणी घातली होती. आधी कुळाचा तोरा आड आला. पण दिवस फिरले आणि कर्णाने होकार दिला. नवरी देवगिरीकडे निघाली. इतिहासकार फरिश्ता सांगतो की खिलजीच्या सैन्यातले काही शिपाई सहज वेरूळची लेणी पाहायला गेले होते, त्यांची आणि नवरीच्या मेळ्याची गाठ पडली, चकमक झाली, आणि देवलदेवी पकडली गेली. वेरूळहून देवगिरी किती? सकाळी निघालेला बैल दुपारी पाणी प्यायला पोहोचेल एवढे! तेवढे अंतर तिच्या वाट्याला आले नाही. तिला दिल्लीस नेले आणि पुढे अल्लाउद्दीनचा मुलगा खिज्रखान याच्याशी तिचे लग्न झाले. अमीर खुस्रोने त्या दोघांच्या प्रेमावर फारसीत मोठे काव्य लिहिले. काही अभ्यासकांना या कथेतले तपशील खरे वाटत नाहीत. ते असो. काव्यात खिज्रखानाचे प्रेम आहे. वाट पाहत बसलेल्या शंकरदेवाची बाजू मांडायला मात्र कवी मिळाला नाही. १३१२ च्या सुमारास तो दिल्लीशी लढताना मारला गेला.

तिसरी सोयरीक आपल्या घरचीच. बखरी सांगतात, की रंगपंचमीच्या दिवशी लखुजी जाधवांच्या घरी सरदार जमले होते. वेरूळचे मालोजी भोसले मुलाला घेऊन आले होते. लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवू लागले, तेव्हा लखुजी कौतुकाने बोलून गेले, जोडा काय छान दिसतो! मालोजींनी तो शब्द तेथेच धरला आणि चारचौघांना साक्षी ठेवून सोयरीक झाली असे जाहीर केले. घरात मोठा कलह झाला, पण शेवटी लग्न लागले. यात बखरकारांनी किती रंग आपल्या पदरचा घातला, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला एवढेच दिसते, की थट्टेतल्या त्या एका वाक्याने महाराष्ट्राचे भाग्य पालटले.

पण त्या सोयरिकीचा सर्वांत कडू घोट दौलताबादनेच पाजला. २५ जुलै १६२९ रोजी निजामशहाच्या दरबारात, याच किल्ल्यात, लखुजी जाधवांचा मुलगे व नातवासह दग्याने खून झाला. जिजाऊंचे माहेर एका दिवसात उजाड झाले. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. महिने मोजले तर कळते, की बापाच्या आणि भावांच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. डोहाळे पुरवायचे त्या दिवसांत त्यांनी सुतक पाळले.

या तिन्ही गोष्टींत एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही. मुलीला काय वाटते? तह राजांनी केला, मागणी बापाकडे गेली, शब्द सरदारांनी धरला. मुलगी पालखीत बसली, घोड्यावर बसली, बोहल्यावर बसली, बोलली कुठे?

कॅमेरा आपल्या भागात येऊनही पुष्कळ वर्षे झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तेथे होता. त्याने पुढे कॅमेरा हाती घेतला, आणि त्याने काढलेल्या लेण्यांच्या ७४ छायाचित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. अजिंठा गावात त्याच्या पारोची कबर आहे. ती १८५६ मध्ये वारली. दगडावर त्याने तिला आपली लाडकी म्हणून कोरले आहे. चित्रकाराने प्रेमाची खूण ठेवली ती अक्षरांत. आपल्याकडे तर जोडप्याचा फोटो म्हणजे लग्नानंतर स्टुडिओत काढायचा. मागे रंगवलेला राजवाडा, नवरा खुर्चीवर, बायको शेजारी उभी, हात खुर्चीच्या पाठीवर, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याची कळा! त्याआधी मुलीचा एकटीचा फोटो स्थळाकडे पाठवला जाई, आणि कित्येकदा पोह्यांच्या बशीइतक्याच निर्विकारपणे परत येई.

नव्या विधीवर वडीलधारे रागावतात, ते सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. काही समाजांच्या बैठकांत त्याविरुद्ध ठरावही झाले आहेत. खर्च वाढतो, आणि फिरून फिरून तो मुलीच्या बापाच्या खिशाला जाऊन भिडतो. शेजारणीच्या मुलीने किल्ल्यावर फोटो काढले म्हणून आपल्याही मुलीने काढलेच पाहिजेत, हा हुंड्याचाच धाकटा भाऊ समजावा. ज्याला झेपत नाही त्याने सरळ नाही म्हणावे, आणि ज्याला झेपते त्याने अर्धा वाटा उचलावा. दुसरे असे, की किल्ल्याच्या भिंतीवर बदाम काढून आत दोन नावे खरडण्याची हौस कोणी करू नये. त्या भिंतींनी शेकडो वर्षे तोफा सोसल्या. आपल्या खिळ्याचा ओरखडा मात्र त्यांना पुसता येत नाही.

एवढे सांभाळले, तर माझे मत त्या दोघांच्या बाजूने आहे. फोटो काय, अल्बममध्ये जाऊन बसेल. पण त्या सकाळी दोन-तीन तास मुलगा आणि मुलगी शेजारी बसून बोलतात. तिला ऊन लागते का ते तो पाहतो. ‘असे नको, असे बसू या,’ हे ती मोठ्याने म्हणते आणि तो ऐकतो. ज्या किल्ल्यातून एका राजकन्येला तिचे मत न विचारता पाठवले, जेथे दुसरी पोहोचलीच नाही, आणि जेथे तिसरीचे माहेर बुडाले, त्या किल्ल्याच्या पायरीवर एक मुलगी आपल्या लग्नाबद्दल स्वतः बोलते, हे काही थोडे नाही.

या दिवाळीच्या सुटीत ज्यांच्या घरी साखरपुडा आहे, त्यांनी दौलताबादला जरूर जावे. फोटो काढून झाला, की मुलांना शेजारी बसवून देवलदेवीची गोष्ट सांगावी. आणि परतताना वेरूळच्या रस्त्याकडे एकवार मान वळवून पाहावे. एका नवरीची वरात तेथून यायची राहिली आहे.