भिंत पडे, घर उभे

भिवंडी म्हटली की आज यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. परंतु याच तालुक्यात अंजूर हे गाव असून तेथे नाईक घराण्याचा वाडा आहे. या घराण्यातील गंगाजी नाईकांनी १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांस मोलाचे साह्य केले, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. लढायांचे वृत्तान्त आपण आवडीने वाचतो. पण त्या काळची माणसे ज्या घरांत राहत ती घरे उभी कशी राहिली, असे क्वचितच कोणी विचारतो.

वाडा म्हणजे जाड भिंतींचे घर, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते तो खरा नव्हे. वाड्याचा खरा आधार सागवानी सांगाडा होय. ओल लागू नये म्हणून दगडी उथळ्यावर खांब उभा करावयाचा, खांबांवर तुळया टाकावयाच्या, त्यांवर कडीपाट करावयाचा, आणि लाकडाच्या टोकास जीभ कोरून ती दुसऱ्याच्या खाचेत बसवावयाची, अशी ही रीत. दोन खांबांमधील अंतर तो खण. घराची मोजणीही खणांनीच होई. भिंत ही बहुतांशी मधली भरणी.

पुण्याचा शनिवारवाडा याची साक्ष देतो. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती झाली. खर्च १६,११० रुपये. १८२८ च्या आगीत आतील महाल जळून गेले. तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. जे जळाले, तेच मुळी घर होते!

इंग्लंडात ट्यूडर राजांच्या काळी, म्हणजे १४८५ ते १६०३ या अवधीत, ओक लाकडाची घरे याच तत्त्वावर बांधली जात. चेशर परगण्यातील लिटल मोर्टन हॉल हे त्यांतले प्रसिद्ध घर. तेथे काळ्या तुळया भिंतीच्या पृष्ठभागावर मिरवतात. आपल्याकडे खांब कित्येकदा भिंतीच्या पोटात दडतो. म्हणूनच कदाचित त्याचे श्रेय भिंतीस मिळाले असावे.

हा भेद केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. तरी त्याच गावांत अनेक ठिकाणी लाकडी खण जागच्या जागी उभे राहिलेले आढळले. दोष लाकडाचा नव्हता, सैल रचलेल्या जड भिंतींचा होता. परंतु पुढे जुन्या घराचे नावच धोका ठरले.

लिटल मोर्टन हॉल १९३८ साली नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाला, म्हणून तो आजही नांदतो. आमच्याकडे वाडा अनेक वारसांत विभागला जातो, छप्पर गळू लागते, दुरुस्तीचा खर्च कोणी करावा यावर एकमत होत नाही, आणि अखेर जुन्या सागवानाचा भाव पाहून सौदा ठरतो. मालकांस दोष देणे सोपे आहे; गळके घर सांभाळणे सोपे नाही. तथापि आमची एवढीच विनंती आहे, की वाडा उतरविण्यापूर्वी त्याचे मोजमाप घ्यावे, नकाशा काढावा, आणि सांधे कसे जुळविले हे एखाद्या वृद्ध सुताराकडून लिहून घ्यावे. लाकूड विकले तरी त्यातील शहाणपण तरी घरात राहील.