मूठभर धान्य आणि कॉलेजचं दार

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. पोरीला पुढं शिकवायचं, पण खर्च कुठून आणायचा? हा प्रश्न काही आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात तो कसा सोडवला, ते आज सांगते.

मुंबई विद्यापीठ सुरू झालं १८५७ साली. बायकांना तिथं परीक्षेला बसायची परवानगी मिळाली १८८३ मध्ये, म्हणजे तब्बल २६ वर्षांनी. पण परवानगी मिळणं वेगळं आणि तिथवर पोचणं वेगळं. कॉलेजं शहरात. शहरात राहायचं तर खोली हवी, दोन वेळचं जेवण हवं, पुस्तकं हवीत. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, गावकुसाबाहेरच्या घरातल्या लेकराला ते दार उघडं असून बंदच होतं.

ही अडचण कर्मवीर भाऊराव पाटलांनी नेमकी ओळखली. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. शाळेच्या आधी राहायची नि जेवायची सोय, असा त्यांचा हिशेब. सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

पण एवढ्या मुलांना रोज जेवू कोण घालणार? भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव फिरत. मागं घर नि वसतिगृह बघायच्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. पैसे संपले तसे तिचे दागिने एकेक करून गेले. शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही तिनं मुलांच्या जेवणासाठी दिलं. १९३० साली ती गेली. लोक आजही तिला रयतमाउली म्हणतात.

लक्ष्मीबाईंपुढं आपण हात जोडतोच. पण मला वाटतं, एका बाईच्या गळ्यातलं उतरवून संस्था किती दिवस चालणार? संस्था टिकली ती दुसऱ्या दोन गोष्टींवर. पहिली मुष्टिफंड. घराघरांतल्या बायका मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत आणि ते वसतिगृहाला जाई. मूठ लहानच, पण घरं पुष्कळ. आपली बचतसुद्धा दुसरं काय आहे? दुसरी गोष्ट म्हणजे ‘कमवा आणि शिका’. मुलं शेतात राबत, खडी फोडत, इमारतींची कामं करत आणि शिकत. फुकट घेतल्याची लाज नको नि पैशावाचून शाळा सुटायलाही नको.

याच वाटेनं १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. १९५४ मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावाचं कॉलेज निघालं. ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, अशा घरांतली मुलं पदवीधर झाली.

यात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. त्या पहिल्या वसतिगृहात शिकले ते मुलगे. मुठी बायकांच्या, मंगळसूत्र बाईचं, आणि पदवी मुलाची. आता पाळी आपल्या लेकींची आहे.

आज सरकारी मदत आहे. २०२४ पासून ठरावीक प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. राहण्या-जेवणासाठी स्वाधार, स्वयम्, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून शिकायची सोय देतं. ती तुमच्या-माझ्यासाठीही आहे बरं का.

पण योजनेचा पैसा हातात पडायला वेळ लागतो. वसतिगृहाची अनामत, एसटीचा पास, पहिल्या महिन्याची खाणावळ हे सगळं आधी भरावं लागतं. पाच-सात हजारांसाठी पोरगी घरी बसते, आणि एकदा बसली की लग्नाचंच बोलणं निघतं. हा मधला काळ आपला गट भरून काढू शकतो. म्हैस, शिलाई मशीन, दवाखाना यांना आपण कर्ज देतो, तसं कर्जवहीत शिक्षणाचं एक पान वेगळं ठेवा. जातीचा नि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा. व्याज किती लावायचं, ते सगळ्यांनी बसून ठरवा. म्हणजे कुणा एका आईला गळ्यातलं मोडावं लागणार नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.